मुंबईत लोकर घेताना

प्रश्न : मी नाशिकला राहते. सहा महिन्यांच्या नातवासाठी स्वेटर विणायचा आहे. लेकीकडे मुंबईला येणार आहे, तर लोकर-सुया तिथूनच घ्याव्यात का?

उत्तर : जरूर घ्या, फक्त रविवारी जाऊ नका. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर हस्तकलेचं सामान मिळतं. लेस-बटणांसाठी भुलेश्वर.

‘लोकर’ म्हणून मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिकच. त्यात वाईट काही नाही, धुवायला सोपं. खात्री करायची तर घरी एक तुकडा जाळून बघा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. बाळ बाही तोंडात घालणारच, तेव्हा केसाळ धागा नको.

लेबलवर रंगाच्या क्रमांकाजवळ लॉट नंबर असतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या आणि एक जास्तीचा घ्या. दोन लॉटमधला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही; उन्हात मात्र एक बाही वेगळी दिसते.

खरी फसगत सुयांत होते. ब्रिटिश मापात आकडा वाढला की सुई बारीक : ८ नंबर ४ मिलिमीटरची, १० नंबर सव्वातीनची. अमेरिकन माप याच्या उलट. तिथली ८ नंबर ५ मिलिमीटरची! नमुना इंटरनेटवरून घेतला असेल, तर दुकानात मिलिमीटरच सांगा. दुकानदार ‘चालेल हो काकू’ म्हणतील. ऐकू नका.