मालवणचं बेट पाहायचंय

प्रश्न : दिवाळीत आई-बाबांना घेऊन मालवणला येतोय. सिंधुदुर्ग किल्ला ज्या बेटावर आहे, त्याबद्दल आधी काय माहीत असावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : त्या खडकाळ बेटाचं नाव कुरटे. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांच्या उपस्थितीत पायाभरणी झाली. पायाभरणीची पूजा ज्या खडकावर झाली, तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आहे. आधी तिथे जा. काम हिरोजी इंदुलकरांनी पाहिलं, पायात शिसं ओतलं गेलं आणि सुमारे 3 वर्षांत साधारण 48 एकरांवर हा जलदुर्ग उभा राहिला. दरवाजा तटाच्या वळणात असा लपवलाय, की होडी अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या तीन विहिरी : दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चहूकडे खारं पाणी, आणि आत गोडं! त्याशिवाय इथे वस्तीच शक्य नव्हती. आजही काही कुटुंबं किल्ल्यात राहतात. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर चुकवू नका. इथल्या मूर्तीत शिवाजी महाराजांना दाढी नाही.

होड्या मालवण जेटीवरून सुटतात, पावसाळ्यात बंद असतात. दिवाळीत गर्दी फार, म्हणून सकाळीच निघा. होडीत चढता-उतरताना आई-बाबांचा हात धरा. जवळचं मोठं रेल्वे स्टेशन कुडाळ.

2025मध्ये हा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. तटावर नावं कोरू नका, विहिरींत काही टाकू नका, आणि प्लास्टिक परत आणा.