ध्रुवसमुद्रावरील बर्फ आणि वऱ्हाडचा भाद्रपद

वर्धेच्या कांठीं कौंडण्यपुरास राहणाऱ्यास बर्फ ठाऊक असतो तो बहुधा सरबतांतला. समुद्रच्या समुद्र गोठतो ही गोष्ट त्यास कल्पनेनेंच जाणावी लागते. समुद्राचें पाणी खारट असल्यामुळें तें शून्य अंशाखालीं सुमारें १.८ अंशांवर गोठतें. हा बर्फ पाण्यावरच तरंगत असल्यामुळें तो वितळला तरी समुद्राची पातळी फारशी चढत नाहीं. ती चढते ग्रीनलंडासारख्या भूमीवरील बर्फ वितळून. हा भेद विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत धरावा. शिकल्यासवरलेल्यांचाहि येथें घोटाळा होतो.

उत्तर ध्रुवसमुद्रावरील बर्फ हिवाळ्यांत पसरतो व सप्टेंबरांत सर्वांत कमी होतो. इ. स. १९७९ पासून कृत्रिम उपग्रहांच्या साह्यानें त्याचें मोजमाप चाललें आहे. त्या वर्षीं सप्टेंबरांतील त्याचा सरासरी विस्तार सुमारें ७० लाख चौरस किलोमीटर होता. २०१२ सालीं तो सुमारें ३६ लाखांवर आला. म्हणजे अकरा महाराष्ट्र मावतील एवढें बर्फाचें आच्छादन नाहींसें झालें! मध्येंच एखाद्या वर्षीं तो वाढतोहि. २०१३ सालीं वाढला होता. परंतु एका सुगीवरून कोणी जमिनीचा कस ठरवीत नाहीं. दक्षिण ध्रुवाकडील प्रकार निराळा. तेथील बर्फ २०१४ पर्यंत थोडाथोडा वाढत होता. २०१६ पासून तो एकाएकीं घटला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें तोंवरच्या नोंदींतील नीचांकास पोहोंचला.

मूळ कारण कोळसा व खनिज तेल जाळल्यानें हवेंत वाढलेला कर्बवायु होय. परंतु एकदां बर्फ घटूं लागला कीं तो आपल्या घटण्यास आपणच हातभार लावतो. वैशाखांत चुना दिलेल्या गच्चीवरून अनवाणी चालावें आणि मग आपल्या काळ्या रानांतून चालावें, म्हणजे ह्याचें मर्म पायांसच कळेल. हिमाच्छादित बर्फ सूर्याचा बहुतेक प्रकाश परत फेंकतो. काळसर पाणी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता पिऊन टाकतें.

आतां ह्याचा वऱ्हाडाशीं संबंध काय? गोव्यांत वास्को येथें राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. उत्तर ध्रुवप्रदेशांतील 'हिमाद्री' हें भारताचें ठाणें २००८ सालीं उघडलें, त्याचा कारभार हेंच केंद्र पाहतें. २०२१ सालीं तेथील संशोधकांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेस कारा समुद्र आहे. तेथें उन्हाळ्यांत बर्फ कमी असला, म्हणजे उघड्या पाण्याची ऊब वर चढून वायव्य युरोपावरील उंच हवेचा दाब बदलतो. त्या बदलाच्या लाटा आशियापर्यंत येतात, आणि तापलेल्या अरबी समुद्राची वाफ मिळाली कीं मध्य भारतांत पावसाळ्याच्या अखेरीस अतिवृष्टि होण्याचा संभव वाढतो, असें त्यांचें अनुमान आहे. त्यांनीं ह्यास 'संभाव्य संबंध' एवढेंच म्हटलें, सिद्ध कारण म्हटलें नाहीं. हा संयम मला प्रशस्त वाटतो. तथापि ज्या दिवसांविषयीं हें अनुमान आहे, त्याच दिवसांत आपल्याकडे सोयाबीनच्या शेंगा पक्व होत असतात व कपाशीस बोंडें धरलेलीं असतात. तेव्हां रानांत पाणी तुंबलें तर शेंगेंतच दाण्यास मोड येतात आणि बोंडें झाडावरच सडतात.