खाडीपलीकडचे नगर

स्पेन देशाच्या पूर्वेस व दक्षिणेस भूमध्य समुद्र पसरलेला आहे. त्याच्या काठी बार्सेलोना, व्हॅलेन्सिया, मालागा अशी जुनी शहरे वसलेली आहेत. निळेशार पाणी, वर्षातील बहुतेक दिवस लख्ख ऊन, जुन्या दगडी तटांचे अवशेष, मध्यभागी फरसबंदी चौक, कमानींच्या ओळी आणि साऱ्यांच्या वर उंच गेलेला चर्चचा मनोरा, असे त्यांचे रूप असते. ते पाहण्यासाठी जगभरचे प्रवासी तेथे जातात. परंतु त्याच घडणीचे एक जुने नगर बोरिवलीपासून अवघ्या अर्ध्या तासाच्या रेल्वेप्रवासावर, एका खाडीच्या पलीकडे उभे आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ते नगर म्हणजे वसईचा किल्ला होय.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे साष्टी बेटावर वसलेली आहेत. सासष्ट गावांचे बेट म्हणून त्यास साष्टी हे नाव पडले, असे सांगतात. बोरिवलीहून विरारच्या गाडीत बसलेला प्रवासी दहिसर आणि मीरा रोड मागे टाकून भाईंदरास पोहोचला, की हे बेट संपते. गाडी पुलावर चढते आणि डब्यातील गर्दीत खाडीचा खारा वारा शिरतो. खाली रुंद पाण्यावर मचवे डोलत असतात. मध्येच पाणजू नावाचे लहानसे हिरवे बेट लागते. पुन्हा पूल, पुन्हा पाणी, आणि मग नायगावच्या पुढचे स्थानक वसई रोड. मुलुंड-घाटकोपरच्या प्रवाशास दादरला गाडी बदलावी लागते, नाही तर दिव्याहून वसईला जाणारी गाडी धरावी लागते.

स्थानकापासून किल्ला काही मैल दूर आहे. वाटेत जुन्या वाड्या लागतात. त्यांत नारळ, केळी आणि पानवेली दिसतात. पूर्वीच्या मानाने वाड्या आता कमी झाल्या आहेत व इमारती वाढल्या आहेत; तरीही वसईची भाजी व फुले मुंबईच्या बाजारात ओळखली जातात. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही तर या भागाची जुनी ख्याती. किल्ल्याजवळच्या कोळीवाड्यांत बांबूंच्या उंच परातींवर बोंबील वाळत घातलेले असतात. ऊन ही येथे केवळ शोभेची वस्तू नाही. ते माणसांच्या पोटापाण्याचे साधन आहे.

कोळीवाडा जवळ आला, की काळ्या दगडांचा भक्कम तट दृष्टीस पडतो. त्याची लांबी सुमारे साडेचार किलोमीटर आहे. किल्ल्याच्या बहुतेक बाजूंस समुद्र व खाडी असून एका बाजूने तो जमिनीशी जोडलेला आहे. म्हणून त्यास दोन मुख्य दरवाजे ठेवलेले होते; एक जमिनीकडे आणि दुसरा बंदराकडे. जमिनीकडून धान्य व भाजीपाला यावा, बंदराकडून जहाजांवरील माल यावा, आणि संकटकाळी दोन्ही दारे मिटून नगराने आत सुरक्षित राहावे, अशी ही योजना होती.

या नगराचा जन्म एका तहातून झाला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मोगल बादशहा हुमायूनाच्या स्वारीच्या भीतीने अडचणीत सापडला होता. त्याने १५३४ साली वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. दोन वर्षांनी किल्ल्याचे काम सुरू झाले. नकाशा परदेशी होता. परंतु दगड याच भूमीचा होता. हा वसईचा दगड इतका नावाजला, की गोव्यातील प्रसिद्ध बॉम जेझस चर्चच्या दर्शनी भागासाठी तो जहाजांतून तिकडे नेण्यात आला.

तटाच्या आत रस्ते, चौक, न्यायालय, तुरुंग, रुग्णालय, मठ आणि चर्च उभी राहिली. श्रीमंत पोर्तुगीज कुटुंबांचे दुमजली वाडे बांधले गेले. गोव्याच्या उत्तरेस पोर्तुगीजांचे जे मुलूख होते, त्यांचे हे मुख्य ठाणे. म्हणून यास उत्तरेचा दरबार असेही म्हणत. सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा आजही उभा आहे. त्याच्या पोटात वर्तुळाकार जिना आहे. दुसऱ्या एका चर्चच्या जमिनीवर पोर्तुगीज भाषेत कोरलेल्या थडग्यांच्या शिळा पसरलेल्या आहेत. दारांच्या माथ्यांवर राजचिन्हे कोरलेली आहेत. या खुणा वाचीत हिंडणाऱ्यास ओस पडलेल्या त्या रस्त्यांवर एके काळची वर्दळ जणू ऐकू येते.

पोर्तुगाल आणि स्पेन हे एकाच द्वीपकल्पावरील शेजारी देश. १५८० साली पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे गेले आणि १६४० पर्यंत दोन्ही देशांवर एकाच राजाची सत्ता राहिली. म्हणजे साठ वर्षे वसईचा राजा आणि बार्सेलोनाचा राजा एकच होता! वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया नावाचा एक तरुण पूर्वेकडे गेला. स्पेनच्या ताब्यातील मनिला शहरी त्याने फ्रान्सिस्कन पंथाच्या मठात प्रवेश केला आणि तेथून तो जपानात गेला. १५९७ साली नागासाकी येथे धर्मासाठी त्याला सोबत्यांसह वधस्तंभावर प्राण द्यावे लागले. १८६२ साली रोमच्या पोपने त्यास संतपद दिले. या पदास पोहोचलेला तो भारतात जन्मलेला पहिला पुरुष होय. वसईच्या बंदरातून निघणारी वाट किती दूरवर जात होती, हे या एका चरित्रावरून ध्यानात येते.

नगराची रचना तिकडची असली, तरी आकाश मात्र इकडचे होते. भूमध्य समुद्राच्या काठी उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस मुख्यत्वे थंडीच्या दिवसांत पडतो. बार्सेलोनात वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस होतो. वसईच्या पट्ट्यात तो २००० मिलिमीटरांहून अधिक, आणि तोही बहुतेक चारच महिन्यांत कोसळतो. १६१८ च्या मे महिन्यात तर भयंकर वादळाने या नगराची मोठी हानी केली. माणसे राहत होती, तोवर दरसाल छपरे शाकारली जात, भिंतींना चुना दिला जाई. वस्ती उठली आणि पावसाने आपले काम सुरू केले. छपरे खचली, दगडांच्या फटींत वड-पिंपळ रुजले. आज कित्येक भिंती झाडांच्या मुळांनी फोडल्या आहेत, आणि कित्येक त्याच मुळांनी आवळून धरल्या आहेत.

या नगराच्या वैभवास दुसरीही एक बाजू होती. तटाबाहेरच्या रयतेवर करांचा बोजा होता. हिंदूंच्या उपासनेवर निर्बंध होते आणि देवळे पाडली गेली होती. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या प्राचीन शिवलेण्यातही त्या काळी चर्च थाटण्यात आले होते. गांजलेल्या लोकांची गाऱ्हाणी घेऊन अंजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारखे पुढारी पेशव्यांकडे गेले. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी आपले धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांना या मोहिमेवर धाडले. १७३७ साली ठाणे व साष्टी मराठ्यांच्या हाती आली. राहिली ती वसई.

१७३९ च्या फेब्रुवारीत वेढा बसला. एका बाजूस दलदल, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि तटावर तोफा. पुढे सरकणाऱ्या मराठ्यांवर वरून गोळ्यांचा वर्षाव होई. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले. काही वेळेवर उडाले नाहीत. काही उडाले, तेव्हा त्यांच्या दगडमातीखाली खुद्द चाल करून जाणारे वीरच गाडले गेले. तरीही मोर्चे हटले नाहीत. गड हाती येत नसेल, तर आपले मस्तक तरी तोफेच्या गोळ्यासरशी आत जाऊन पडावे, असे उद्गार चिमाजी आप्पांनी काढल्याची आख्यायिका आहे. मे महिन्यात तटास खिंडार पडले आणि पोर्तुगीजांनी शरणागतीचे निशाण दाखविले. या लढाईत हजारो मराठे कामी आले होते.

इतके रक्त सांडल्यानंतर विजयी सैन्य सूडाने पेटून उठले असते, तर नवल वाटले नसते. परंतु तहाची कलमे वेगळीच होती. पोर्तुगीज सैन्यास शस्त्रांनिशी, बायकामुलांसह सन्मानाने जाऊ देण्यात आले. आवराआवरीसाठी त्यांना आठ दिवसांची मुदत मिळाली. जे ख्रिस्ती मागे राहतील, त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहील, असेही ठरले. शौर्य तटावर चढताना जसे दिसते, तसे ते दार उघडल्यावरही दिसते, हे वसईने दाखवून दिले.

विजयानंतर चिमाजी आप्पांनी नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देऊळ बांधविले. चर्चमधील घंटा हत्तींवरून दूरदूरच्या देवळांत नेल्याचे सांगतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील प्रचंड घंटा आणि भीमाशंकरची घंटा या त्यांपैकीच मानल्या जातात. मंडपेश्वराच्या लेण्यात पुन्हा शिवपूजा सुरू झाली. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि आपल्या स्वातंत्र्यावर पाणी सोडले. जेथे एका चिमाजीने राज्य वाढविले, तेथेच त्याच्या घराण्यातील वंशजाने ते गहाण टाकले. पोर्तुगीजांनी या गावास बासाईं म्हटले, मराठ्यांनी बाजीपूर हे नाव दिले, इंग्रजांनी बसीन केले. राज्यकर्ते गेले, त्यांच्याबरोबर त्यांची नावेही गेली. लोकांच्या तोंडी पूर्वीपासून असलेले वसई हेच नाव टिकले.

राज्ये जातात, तेव्हा सारेच जाते असे मात्र नाही. बटाटा, पाव, अननस, काजू, चावी, बादली, घमेले, बिजागरी, फीत, लिलाव आणि पगार हे शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आले. त्यांतील बटाटा, अननस आणि काजू तर अमेरिका खंडात पिकणारे. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या जहाजांतून ते जगभर पसरले. ज्या घरी सकाळी चावीने दार उघडते आणि न्याहारीस पाव येतो, त्या घरी या जुन्या बंदरांचा काही अंश रोज नांदत असतो.

वसईचा ख्रिस्ती समाजही येथेच राहिला. त्याचा धर्म ख्रिस्ती आणि भाषा मराठी. ओव्या, लग्नगीते आणि म्हणी त्याने आपल्या बोलींत जपल्या. याच मातीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. ‘सुबोध बायबल’ या त्यांच्या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, आणि २०२० साली धाराशिव येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्या तटाशी दोन धर्मांची माणसे एकमेकांवर तोफा डागीत होती, त्याच्याच सावलीत वाढलेल्या एका धर्मगुरूस मराठी भाषेने हा मोठा मान दिला.

आज किल्ल्यात नागेश्वराचे देऊळ आहे, चिमाजी आप्पांचा पुतळा आहे आणि छप्पर हरपलेली चर्चही आहेत. पुरातत्त्व खात्याने हे स्मारक संरक्षित ठरविले आहे. तरीही काही प्रवासी भिंतींवर आपली नावे कोरतात आणि खाद्यपदार्थांचे कागद टाकून जातात. एका दगडावर कोरलेले राजाचे नाव काळाने पुसले, तेथे खिळ्याने ओरखडलेले नाव किती दिवस टिकणार? परंतु त्या ओरखड्याने झालेली जखम मात्र कायमची राहते.

संध्याकाळी बंदराच्या दरवाजातून बाहेर पडावे. समोर खाडीचे मुख उजळलेले असते. कोळी आपले मचवे किनाऱ्यास लावीत असतात, कोळिणी मासळीच्या टोपल्या उचलीत असतात. पोर्तुगीज येण्यापूर्वीही त्या येथे होत्या. तोफा थंडावल्यावरही त्या राहिल्या. तटाने नगराचे रक्षण काही काळ केले. त्याचे जीवन मात्र या कष्टाळू हातांनी आजवर चालविले आहे.

स्वाध्याय

१. स्पेनच्या किनाऱ्यावरील नगरे आणि वसईचे नगर यांत कोणते साम्य आहे? कोणता भेद आहे?
२. वसईच्या किल्ल्यास दोन मुख्य दरवाजे का ठेवले होते?
३. ‘वसईचा राजा आणि बार्सेलोनाचा राजा एकच होता’, असे का म्हटले आहे?
४. कारणे द्या : (अ) वस्ती उठल्यावर किल्ल्यातील इमारती लवकर खचल्या. (आ) साष्टीतील लोकांनी पेशव्यांकडे गाऱ्हाणी नेली.
५. ‘शौर्य तटावर चढताना जसे दिसते, तसे ते दार उघडल्यावरही दिसते.’ या वाक्याचा अर्थ तहाच्या कलमांच्या आधारे स्पष्ट करा.
६. पोर्तुगीज भाषेतून मराठीत आलेले पाच शब्द पाठातून निवडा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
७. आपल्या गावाजवळील एखाद्या जुन्या वास्तूस भेट द्या. ती कोणी बांधली, तिची आजची स्थिती काय आहे आणि तिची निगा कशी राखता येईल, यावर दहा ओळी लिहा.