मेंदूवरील आघात आणि पेशींचा ताण : उपचारांची नवी दिशा

रस्ते अपघातांची चर्चा बहुधा मृतांच्या संख्येपाशी थांबते. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्या वर्षी ६४,१०५ अपघातांची नोंद होऊन तामिळनाडू या बाबतीत देशात पहिल्या क्रमांकावर होते. मात्र, डोक्याला गंभीर मार लागूनही जे वाचतात, त्यांच्यापैकी अनेकांची स्मरणशक्ती, एकाग्रता व काम करण्याची क्षमता पूर्ववत होत नाही. कमावत्या वयातील व्यक्ती अशी परावलंबी झाली की संपूर्ण कुटुंबाची घडी विस्कटते. म्हणूनच हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच विकासाचाही आहे.

या क्षेत्रात चेन्नईची परंपरा जुनी आहे. डॉ. बी. राममूर्ती यांनी इंग्लंडमध्ये प्रशिक्षण घेतल्यानंतर १९५० मध्ये तत्कालीन मद्रासच्या शासकीय जनरल रुग्णालयात मेंदू शस्त्रक्रियेचे कार्य सुरू केले. १९५१ मध्ये न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाची स्थापनाही याच शहरात झाली. कवटीतील रक्ताची गुठळी काढणे व मेंदूवरील दाब कमी करणे शस्त्रक्रियेमुळे शक्य झाले. तथापि, दुखापतीनंतर पेशींच्या आत जे घडते, तेथपर्यंत शल्यचिकित्सकाचे हत्यार पोहोचत नाही.

दुखापतीचे दोन टप्पे

मेंदूच्या दुखापतीचे प्राथमिक व दुय्यम असे दोन टप्पे मानले जातात. आघाताच्या क्षणी पेशी व रक्तवाहिन्या फाटतात, ही प्राथमिक दुखापत होय. ती औषधाने टाळता येत नाही. ती टाळण्याचे किंवा सौम्य करण्याचे साधन म्हणजे हेल्मेट, आसनपट्टा व वेगमर्यादा. त्यानंतर सूज, प्राणवायूचा तुटवडा, कॅल्शियमचा असमतोल व दाह यांमुळे होणारी हानी ही दुय्यम दुखापत होय. ती काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक काळ चालू राहते. उपचारांना वाव आहे तो येथेच.

पेशींचा ताण म्हणजे काय?

पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेत अनेक प्रथिनांना योग्य घडी पडते. आघातानंतर ही व्यवस्था कोलमडते व चुकीच्या घडीची प्रथिने साचू लागतात. अशा ताणाची चाहूल पर्क, पीकेआर, जीसीएन-२ व एचआरआय या चार विकरांना लागते. ती सर्व ‘इआयएफ-२’ या एकाच घटकावर फॉस्फेट जोडतात आणि परिणामी पेशीतील बहुतांश प्रथिननिर्मिती मंदावते. या यंत्रणेस एकात्मिक ताण-प्रतिसाद म्हणतात.

अल्पकाळापुरती ही यंत्रणा संरक्षक असते. पुराच्या वेळी कारखाना बंद ठेवून यंत्रे वाचवावीत, तसा हा प्रकार आहे. परंतु पूर ओसरल्यावरही कारखाना बंदच राहिला तर नुकसान अटळ ठरते. दीर्घकालीन स्मृती तयार होण्यासाठी चेतापेशींना नवी प्रथिने लागतात. ताण-प्रतिसाद रेंगाळल्यास स्मृती दुर्बल होते आणि ताण अतितीव्र असल्यास पेशी मृत्यूच्या मार्गाला लागते.

संशोधनाचा निष्कर्ष

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेत पीटर वॉल्टर व सहकाऱ्यांनी ‘इस्रिब’ हा रेणू शोधला. त्याची माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. हा रेणू ‘इआयएफ-२बी’ या घटकाला बळ देऊन थंडावलेली प्रथिननिर्मिती पुन्हा सुरू करतो. २०१७ मध्ये सुझाना रोसी व वॉल्टर यांच्या गटांनी मेंदूला इजा झालेल्या उंदरांना, इजेनंतर सुमारे चार आठवड्यांनी, तो दिला. उंदरांची गमावलेली स्मरणक्षमता सुधारली व औषध थांबविल्यानंतरही परिणाम टिकून राहिला. मेंदूची हानी काही तासांतच कायमची ठरते, या समजाला त्यामुळे धक्का बसला.

तरीही सावधगिरी आवश्यक आहे. उंदरांतील यश माणसांत उतरेलच असे नाही. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने प्राण्यांमध्ये आशा निर्माण केली होती. परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या मानवी चाचण्यांत त्याचा लाभ दिसला नाही. दाह कमी करण्यासाठी वापरली जाणारी स्टेरॉइड औषधे तर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश’ चाचणीत मृत्यूचे प्रमाण वाढविणारी ठरली. शिवाय, ताण-प्रतिसाद संरक्षकही असल्याने तो केव्हा व किती काळ रोखावा, हा कळीचा मुद्दा आहे. मेंदूच्या दुखापतीनंतर पेशींचा ताण कमी करणारे, माणसांत सिद्ध झालेले औषध अद्याप उपलब्ध नाही.

धोरणात्मक बाजू

म्हणूनच वेळेवर मिळणाऱ्या प्राथमिक उपचारांचे मोल कमी होत नाही. प्राणवायूची पातळी व रक्तदाब सांभाळणे हाच आज पेशींवरील ताण घटविण्याचा भरवशाचा मार्ग आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘सुवर्ण तास’ अशी वैधानिक ओळख दिली, तसेच जखमींना मदत करणाऱ्या नागरिकांना संरक्षण दिले. तामिळनाडू शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये ‘इन्नुयिर काप्पोम – नम्मै काक्कुम ४८’ ही योजना सुरू करून अपघातग्रस्तांच्या पहिल्या ४८ तासांच्या उपचारांचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत उचलला. रुग्ण अन्य राज्यातील असला तरी तो या योजनेस पात्र ठरतो.

पहिल्या ४८ तासांत प्राण वाचतात. त्यानंतरच्या आठवड्यांत माणसाची स्मृती व उपजीविका वाचवावी लागते. पेशींच्या ताणावरील संशोधनाने या दुसऱ्या कालखंडाकडे लक्ष वेधले आहे. औषध येईपर्यंत पुनर्वसन सेवांचा विस्तार करणे आणि हेल्मेटचा आग्रह धरणे, हेच त्या दिशेने टाकलेले ठोस पाऊल ठरेल.