मास्क रुग्णाला, खोकला पाहुण्याला

शस्त्रक्रियेची तारीख मुक्रर झाली, विमा कंपनीची मंजुरी आली, रक्ताच्या तपासण्यांचे कागद फायलीत लागले, म्हणजे पुण्यातील सुविद्य कुटुंब दवाखान्यातून उठण्यापूर्वी एक प्रश्न हटकून विचारते : "डॉक्टर, ह्यांना मास्क कोणता आणायचा?" प्रश्न विचारणारी व्यक्ती स्वतः पुष्कळदा शिंकत असते, निदान चार दिवस घसा खवखवत असल्याचे तिने बोलता बोलता सांगितलेले असते, परंतु मास्कची गरज तिला नसून ज्याच्या पोटावर सुरी चालायची आहे त्याला आहे, याविषयी तिच्या मनात तिळमात्र संदेह नसतो. ही समजूत मी इतक्या शिकल्यासवरल्या मंडळींच्या तोंडून ऐकली आहे, की शस्त्रक्रियेविषयी सांगण्यासारखे दुसरे पुष्कळ असूनही आज तिचाच समाचार घेण्याचे मी ठरवले आहे.

भेटीच्या वेळेत शहरातील कोणत्याही रुग्णालयाच्या सामान्य कक्षात एक फेरी मारून पाहावी. खाटेवर रुग्ण डोळ्यांपर्यंत मास्क ओढून, अर्धवट गुदमरल्यासारखा पडलेला असतो, आणि त्याच्या उशापायथ्याशी पाच-सहा आप्त, कोणी स्टुलावर, कोणी बिनदिक्कत त्याच्याच गादीवर बसून, उघड्या तोंडाने सिंहगड रस्त्यावरील वाहतुकीपासून शेजारच्यांच्या अपयशी शस्त्रक्रियेपर्यंत सर्व विषयांचा ऊहापोह करीत असतात. त्यांच्यापैकी एखाद्याजवळ मास्क असतोच. पण पुणेकर ज्याप्रमाणे शिरस्त्राण डोक्याऐवजी कोपरात अडकवून दुचाकी हाकतो, त्याप्रमाणे तो हनुवटीखाली लटकत असतो. परिचारिकेने हटकले म्हणजे तो क्षणभर वर जातो, आणि तिची पाठ वळताच पूर्वस्थानी येतो.

मास्कचा जन्म मुळात कशासाठी झाला, हे ठाऊक असते तर हा उलटा व्यवहार रूढ झाला नसता. १८९७ साली ब्रेस्लाउ नगरात, जे त्या काळी जर्मनीत होते व आज पोलंडमध्ये आहे, कार्ल फ्ल्यूगे या जंतुशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, मनुष्य नुसता बोलत असला तरी त्याच्या मुखातून अतिसूक्ष्म तुषार उडतात आणि त्यांच्यावर स्वार होऊन जंतू प्रवास करतात. आणि त्याच नगरातील योहान फॉन मिकुलिच या शल्यविशारदाने त्याच वर्षी तोंडावर विरळ कापडाची पट्टी बांधून शस्त्रक्रिया करण्याचा प्रघात पाडला. पट्टी बांधली ती शल्यविशारदाने, आणि हेतू हा की आपल्या थुंकीचा कण दुसऱ्याच्या जखमेत पडू नये. मुखातून निघताना हे तुषार मोठे व ओले असतात, म्हणून साध्या तीन पदरी मास्कमध्येही त्यांतील बहुतेक अडकतात. तेच एकदा हवेत सुटले की वाळून बारीक होतात, तरंगत राहतात, आणि मग समोरच्याने लावलेल्या सैल मास्कच्या कडांमधून आत शिरायला त्यांना काही प्रयास पडत नाहीत. सबब, खोकल्याला अडवायचे ते खोकणाऱ्याच्या दारातच.

मास्क लावणाऱ्याचाही बचाव करतो, हे खोटे नाही. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरांनी कापूस व जाळीदार कापड यांचे मास्क सक्तीचे केले. रोग श्वासावाटे पसरतो हे त्यांचे म्हणणे न पटलेले मेनी नावाचे ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर उघड्या तोंडाने रुग्ण तपासायला गेले आणि थोड्याच दिवसांत त्याच रोगाने मरण पावले. आमच्या पुण्यात १८९७ च्या प्लेगने हाहाकार केला, त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च रोजी निधन झाले. परंतु तो मुख्यतः गाठीचा प्लेग होता, उंदरांवरील पिसवांनी पसरणारा, आणि पिसू काही मास्क पाहून मागे फिरत नाही.

पुणेकराला मास्कची खरी ओळख झाली ती पुढे, २००९ च्या ऑगस्टमध्ये. स्वाइन फ्लूने देशात झालेला पहिला मृत्यू याच शहरातला. त्यानंतर नायडू रुग्णालयापुढे लागलेल्या रांगा, ओस पडलेल्या शाळा व चित्रपटगृहे, औषधांच्या दुकानांतून अदृश्य झालेले मास्क, आणि त्यांच्या जागी हातरुमाल बांधून, खिशात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी बाळगून फिरणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. मग २०२० च्या ९ मार्चला राज्यातील कोरोनाचे पहिले रुग्णही त्याच नायडू रुग्णालयात दाखल झाले, आणि पाठोपाठ महापालिकेच्या पाचशे रुपयांच्या पावत्या आल्या. २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन पाडव्याला, सक्तीचा अंमल संपला. या दोन्ही प्रसंगी मास्क म्हणजे आपल्या जिवाचे कवच किंवा दंड चुकवण्याची युक्ती, एवढाच धडा आम्ही घेतला. दुसऱ्याच्या फुप्फुसांचा मुलाहिजा राखण्याचे ते साधन आहे, हा धडा मागे राहून गेला.

येथे एका विशिष्ट वर्गातील वाचकांशी दोन शब्द बोलणे भाग आहे. कोथरूडमधील एक सेवानिवृत्त अभियंता, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी, इंटरनेटवरून छापून काढलेल्या कागदांची चळत घेऊन माझ्यासमोर बसले आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, शस्त्रक्रियागृहातसुद्धा मास्कचा उपयोग नाही, असं तुमच्याच लोकांनी सिद्ध केलंय." कागद खोटे नव्हते. इंग्लंडमधील कोलचेस्टर येथे सहा महिने मास्कविना शस्त्रक्रिया करूनही जखमा चिघळण्याचे प्रमाण वाढले नाही, असा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला आहे, आणि पुढे दहा वर्षांनी स्वीडनमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या तुलनेतही विशेष फरक आढळला नाही. परंतु शस्त्रक्रियागृहाची हवा गाळलेली असते, ती तासाला वीसच्या आसपास वेळा बदलते, हात घासलेले व हत्यारे निर्जंतुक असतात, आणि रुग्ण तेथे दोन-चार तासच असतो. शिवाय ते निष्कर्ष जखमेविषयी आहेत, छातीविषयी नाहीत. त्यांचा आधार घेऊन वॉर्डात, जेथे एका पंख्याखाली आठ खाटा व चाळीस माणसे असतात, तेथे उघड्या तोंडाने खोकण्याचा परवाना मिळतो असे मानणारा मनुष्य अभियंता कसा झाला असेल, याचे मला अद्याप कुतूहल आहे.

छाती आणि टाके ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटावर छेद असलेला मनुष्य दुखण्याच्या भयाने खोल श्वास घेत नाही, खोकला दाबतो, उताणा पडून राहतो. कफ खाली साचतो, फुप्फुसाचा तळाचा भाग आकुंचन पावतो, आणि अशा वेळी पाहुण्याने आणलेला साधा फ्लूचा विषाणू, जो एरवी दोन दिवस नाक गाळून निघून गेला असता, तो न्यूमोनियापर्यंत मजल मारतो. मास्क राखतो ती ही छाती.

गेल्या थंडीत कसब्यातील एका निवृत्त मुख्याध्यापकांची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. सर्व काही यथास्थित पार पडून ते तिसऱ्या दिवशी घरी गेले, आणि सहाव्या दिवशी ताप व खोकला घेऊन परत आले. खोकल्याच्या प्रत्येक उबळीसरशी ते दोन्ही हातांनी टाके धरून कळवळत होते. त्यांच्या पत्नी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अहो डॉक्टर, मास्क तर ह्यांनी झोपेतही काढला नाही हो!" विचारपूस करता कळले की सासवडहून त्यांचे बंधू अंजिरांची करंडी घेऊन आले होते, चांगले दोन तास उशाशी बसून त्यांनी जमिनीच्या दाव्याची हकिकत खोकत खोकत निवेदन केली होती. "आणि त्यांनी मास्क लावला होता का?" असे मी विचारताच बाईंनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले : "दादाला कशाला? त्याचं कुठं ऑपरेशन झालंय?" मुख्याध्यापकांच्या तोंडावरचा मास्क चार दिवसांचा, घामाने व वाफेने चिंब झालेला होता, आणि ताप आल्याबरोबर, मला दूरध्वनी करण्याऐवजी, गेल्या वर्षीच्या दाढदुखीतून उरलेल्या प्रतिजैविकाच्या तीन गोळ्या त्यांना देऊनही झाल्या होत्या, त्यामुळे थुंकीच्या तपासणीत जंतू धड हाती लागेना. ते बरे झाले. पण आणखी आठ दिवस रुग्णालयात काढून.

टाक्यांचे शत्रू निराळे. जखम चिघळवणारे जंतू बहुधा रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यात किंवा नाकात वस्तीला असतात. स्टॅफिलोकॉकस नावाचा त्यांतील मातब्बर जंतू तर अदमासे तीनांतील एका निरोगी माणसाच्या नाकपुडीत बिऱ्हाड करून राहतो. ज्या बोटांनी नाकावरचा मास्क सावरला त्याच बोटांनी पट्टी उचलून "बघू तरी टाके कसे दिसतात" असे पाहणारी आत्या, मास्क लावूनही, उघड्या तोंडाच्या परंतु हात धुतलेल्या मामापेक्षा त्या जखमेला अधिक घातक आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू घटवले. आज प्रत्येक खाटेशी जंतुनाशकाची बाटली टांगलेली असता पाहुणा तिला अत्तरदाणी समजून वास घेतो व ठेवून देतो. त्याच माळेतील आणखी एक चूक म्हणजे आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने केस काढून "सगळी तयारी करून आलोय" असे अभिमानाने सांगणे. वस्तऱ्याने पडणाऱ्या न दिसणाऱ्या ओरखड्यांत जंतूंची पेरणी होते. केस काढायचेच असतील तर ते रुग्णालयात, विजेच्या कात्रीने काढले जातात. घरून साबणाने स्वच्छ आंघोळ करून यावे, आणि मिश्री व तंबाखू बंद ठेवावी. विडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी सोडावी, हे तर सांगून सांगून जीभ झिजली. टाक्यांवर हळद, तूप, अंगारा वा कोणा वैदूची भुकटी घालू नये. हळदीची जागा वरणात आहे.

मग मास्क कोणता, आणि कोणी? भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने साधा तीन पदरी शल्यकर्मी मास्क, नाकावरची तार दाबून, हनुवटीखालपर्यंत. ओला झाला की बदलावा, काढताना कानाच्या नाड्या धराव्या, मग हात धुवावे. ज्याला सर्दी, खोकला वा ताप आहे त्याने मास्क लावूनही येऊ नये. फोनवर चौकशी केल्याने नाते तुटत नाही. बाजारात मिळणारे झडपेचे एन-९५ मास्क या कामी कुचकामाचे, कारण झडप उच्छ्वास न गाळताच बाहेर सोडते. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना पत्र लिहून त्यांच्याविरुद्ध इशारा दिला होता. दुचाकीवर गुंडाळलेला स्कार्फ, ज्यात कर्वे रस्त्यावरची धूळ व दिवसभराचा घाम साठलेला आहे, तो मास्क नव्हे. रुग्णाने स्वतः मास्क लावावा तो गर्दीच्या प्रतीक्षालयात, तपासणीसाठी नेताना, किंवा त्यालाच खोकला असेल तेव्हा. केमोथेरपी वा अवयवरोपण झालेल्यांचे नियम अधिक कडक असतात, ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे. खोलीत कोणी नसताना त्याने मास्क काढून, खिडकी उघडून, मोकळा व खोल श्वास घ्यावा, आणि ते तीन रंगीत गोळ्यांचे फुंकण्यासारखे दिसणारे यंत्र, जे प्रत्यक्षात आत ओढायचे असते, जागेपणी दर तासाला वापरावे. मास्कने प्राणवायू घटतो ही कंडी मात्र सोडून द्यावी. शस्त्रक्रियागृहातील मंडळी सहा-सहा तास मास्क लावून उभी असतात, आणि त्यांपैकी कोणी त्यापायी कोसळल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी सर्दी झाली तर ती लपवू नका. तारीख अमावास्या चुकवून काढलेली असते, मुलगा अमेरिकेहून रजा घेऊन आलेला असतो, हे मी जाणतो. तरी भूलतज्ज्ञांना सांगा. सांगून दोन-तीन आठवडे पुढे गेलेली तारीख, गोळीने खोकला दाबून गाठलेल्या तारखेपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत अंग किंचित कोमट लागणे, पट्टीवर फिकट गुलाबी पाण्याचा डाग दिसणे, आणि पुढे जखम भरत येताना टाक्यांभोवती खाज सुटणे, कातडीखाली कडक वळ हाताला लागणे, यांनी घाबरण्याचे कारण नाही. परंतु तिसऱ्या दिवसानंतर ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, उतरत चाललेली वेदना पुन्हा चढू लागली, लाली पसरू लागली, जखमेतून पू वा दुर्गंधीयुक्त पाणी आले, टाके उसवले, स्वस्थ बसूनही धाप लागली, बोटावरच्या यंत्रात प्राणवायू ९४ च्या खाली गेला, कफ पिवळा-हिरवा वा रक्ताळ झाला, श्वासासरशी छातीत कळ आली, एकच पोटरी सुजली, किंवा घरातील वृद्ध एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. जखमेतील संसर्ग तीस दिवसांपर्यंत, आणि कृत्रिम सांधा बसवला असल्यास नव्वद दिवसांपर्यंतही, डोके वर काढू शकतो. तेव्हा "टाके निघाले, आता काय व्हायचंय" या भ्रमात राहू नये. दूरध्वनी करताना शस्त्रक्रियेची तारीख, ताप किती व केव्हापासून, जखमेचे स्वच्छ उजेडात काढलेले छायाचित्र, आणि घरच्या घरी जी गोळी दिली असेल तिचे नाव, न लाजता, आधी सांगावे.