ओस पडलेला नदीकाठ पुन्हा कसा गजबजला

अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो नावाचे शहर आहे. त्याच नावाची एक लहानशी नदी या शहराच्या मध्यभागातून वाहते आणि भर बाजारपेठेत घोड्याच्या नालेसारखे मोठे वळण घेते. आज या वळणाच्या दोन्ही काठांवरून लोकांची सतत ये-जा चालू असते. परंतु एके काळी ही नदी बुजवून टाकावी, असा विचार त्याच शहराने केला होता. पुढे काठ बांधून काढल्यावरही तो कित्येक वर्षे ओसच राहिला. असे का झाले आणि ही स्थिती कशी पालटली, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

महापूर आणि त्यावरील उपाय

सप्टेंबर 1921 मध्ये या नदीला महापूर आला. बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि सुमारे पन्नास माणसे प्राणास मुकली. नदी वळण घेते तेव्हा तेवढाच उतार तिला अधिक लांबीच्या मार्गाने उतरावा लागतो. त्यामुळे पाण्याचा वेग मंदावतो आणि मागून येणारे पाणी तुंबून काठांवर चढते. हे ध्यानी घेऊन स्थापत्यविशारदांनी दोन कामे हाती घेतली. नदीच्या वरच्या अंगाला ओल्मॉस नावाचे धरण बांधण्यात आले आणि वळणाची दोन टोके जोडणारा सरळ कालवा खोदण्यात आला. मार्ग आखूड झाल्याने उतार वाढला आणि पुराचे पाणी लवकर निघून जाऊ लागले. पुढे वळणाच्या तोंडाशी दरवाजे बसविण्यात आल्यामुळे पूर आला असता ते बंद करून वळण सुरक्षित ठेवता येऊ लागले.

मग उरलेले वळण हवे कशाला? त्यावर छत घालून त्याचे भुयारी गटार करावे, अशी सूचना पुढे आली. 1924 मध्ये स्थापन झालेल्या एका नागरिक-संस्थेने नदीच्या रक्षणासाठी आवाज उठविला. रॉबर्ट ह्यूगमन या वास्तुशिल्पज्ञाने 1929 मध्ये नदी खुली ठेवून तिच्या काठाने पायवाटा, जिने, पूल आणि दुकाने योजणारा आराखडा मांडला. मंदीच्या काळात बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून 1939 ते 1941 या काळात या बांधकामाचा मोठा भाग पुरा झाला.

बांधले, पण कोणी येईना

तरीही लोक फिरकेनात. ही वाट रस्त्याच्या पातळीपेक्षा बरीच खाली आहे. त्यामुळे वरून जाणाऱ्याला ती दिसत नसे. काठावरील इमारतींनी नदीकडे पाठ फिरविलेली होती. दारे रस्त्याकडे उघडत आणि नदीकडे केवळ मागच्या भिंती असत. दुकाने नाहीत म्हणून माणसे नाहीत आणि माणसे नाहीत म्हणून दुकाने नाहीत, असे हे दुष्टचक्र होते. निर्मनुष्य जागेची भीती वाटू लागते; भीतीमुळे ती अधिकच निर्मनुष्य होते.

1946 मध्ये एका उपाहारगृहाने नदीकडे तोंड करून टेबले मांडली. तथापि एका दिव्याने अंधार सरत नाही. 1960 नंतर नगरपालिकेने काठावरील बांधकामावर देखरेख ठेवण्यासाठी मंडळ नेमले आणि व्यापाऱ्यांना आपली दारे नदीकडे उघडण्यास उत्तेजन दिले. 1968 मध्ये शहराच्या स्थापनेस 250 वर्षे झाली, त्या निमित्ताने जागतिक प्रदर्शन भरले. नदीचा एक फाटा प्रदर्शनाच्या आवारापर्यंत खोदून नेण्यात आला आणि काठावर नवे हॉटेल उभे राहिले. तेव्हापासून माणसांचा ओघ सुरू झाला.

जमिनीखालची नदी

गजबज वाढली तशी पुराची जोखीमही वाढली. म्हणून 1997 मध्ये शहराच्या खाली सुमारे 5 किलोमीटर लांबीचा आणि 7 मीटरांहून अधिक व्यासाचा बोगदा पुरा करण्यात आला. तो जमिनीखाली सुमारे 45 मीटर खोल आहे. पुराचे पाणी वरच्या बाजूच्या तोंडातून आत उतरते आणि शहर ओलांडून पलीकडे वर येते. त्यासाठी पंप लागत नाही. आत शिरण्याचे तोंड बाहेर पडण्याच्या तोंडापेक्षा उंच असल्याने पाण्याचा दाबच ते वर ढकलतो. ऑक्टोबर 1998 मधील मोठ्या पुरात या बोगद्याने शहराचा मध्यभाग वाचविला.

सारांश

केवळ दगड आणि सिमेंट यांनी नदीकाठ जिवंत होत नाही. पुरापासून संरक्षण, सहज दिसणारी व उतरता येणारी वाट आणि नदीकडे उघडणारी दारे ही तिन्ही जुळून यावी लागतात. यांपैकी एक जरी नसले, तरी सुंदर बांधलेला काठही ओस पडतो.

करून पाहा

1. पारदर्शक रबरी नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवून धरा. एक टोक उंच ठेवून त्यात सावकाश पाणी ओता. दुसऱ्या टोकातून पाणी केव्हा बाहेर पडू लागते, ते पाहून कारण सांगा.
2. आपल्या गावच्या नदीकाठी किंवा तळ्याकाठी जा. किती घरांची दारे पाण्याकडे उघडतात, ते मोजा. तेथे सकाळी व सायंकाळी किती माणसे येतात आणि कशासाठी येतात, याची नोंद ठेवा.