मोठ्या पडद्याचा मोह धरण्याआधी

न्यू जर्सीतल्या आमच्या अनेक मराठी घरांच्या बेसमेंटमध्ये अजून एखादा प्रोजेक्शन टीव्ही कपाटासारखा उभा असतो. २००० च्या आसपास घर घेतलं की असा पन्नास-साठ इंची टीव्ही हौसेनं यायचा आणि क्रिकेटच्या सामन्यांना ओळखीपाळखीची सगळी मंडळी त्याच्यासमोर जमायची. मी जुने टीव्ही जमवतो आणि दुरुस्तही करतो, म्हणून ‘हे जपून ठेवावेत का?’ हा प्रश्न माझ्याकडे येतो. सरसकट ठेवू नयेत, असं मी सांगतो.

ओळखीच्या एका काका-काकूंनी मोठं घर विकताना त्यांचा टीव्ही मला दिला. चौघांनी मिळून तो जिन्यावरून खाली उतरवला. चित्र सुरेख होतं: काळा रंग खराखुरा काळा, माणसांचे चेहरे मऊ. हिवाळा सरता सरता मात्र पांढऱ्या अक्षरांभोवती हिरवट धुकं दिसू लागलं. मागचं झाकण काढलं, तर आतला द्रव खालच्या सर्किट बोर्डावर गळून तांब्याच्या रेषा खाऊ लागला होता.

हा या यंत्रांचा मूळचाच आजार आहे. आत एक मोठी पिक्चर ट्यूब नसते. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या साधारण सात-सात इंची तीन नळ्या असतात. त्यांची चित्रं भिंगांतून, आरशावरून येऊन पडद्यावर एकमेकांवर बसतात. एवढ्याशा नळीतून एवढा उजेड काढायचा, तर ती तापणारच. म्हणून नळीची काच आणि भिंग यांच्यामध्ये ग्लायकॉल आणि ग्लिसरिनचं मिश्रण, म्हणजे कूलंट, भरलेलं असतं. ते वर्षानुवर्षं तसंच राहिलं की गढूळ होतं, त्यात बुरशी धरते, सील सुकलं की गळतं. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, त्यामुळे घरात मूल किंवा कुत्रं असेल तर त्या ओघळाकडे दुर्लक्ष अजिबात करू नका.

घेण्याआधी टीव्ही बंद ठेवून भिंगांत टॉर्च मारून पाहा. आत धुकं किंवा तंतू दिसले तर काम वाढलं. मग चालू करून कन्व्हर्जन्सची, म्हणजे तिन्ही रंगांची चित्रं एकमेकांवर नीट बसतात का हे दाखवणारी, जाळी पडद्यावर आणा. पांढऱ्या रेषा फुटून लाल-निळ्या दिसत असतील आणि सेटिंगमधून जुळत नसतील, तर बहुधा कन्व्हर्जन्सचे आयसी गेलेले असतात. तेवढ्यावरून टीव्ही नाकारू नका, ते बदलता येतात. वाहिनीचा लोगो किंवा व्हिडिओ गेममधली पट्टी नळीत जळून उमटलेली असेल, तर ती नळी बदलल्याशिवाय जात नाही. निळी नळी किंचित अस्पष्ट दिसली तर घाबरू नका. जास्त उजेड मिळावा म्हणून कारखान्यातच तिचा फोकस मुद्दाम थोडा सैल ठेवत. आरसा मात्र कापडानं खसाखसा पुसू नका, त्याचा चकाकता थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो. आणि नळ्यांना सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात, तेव्हा सवय नसेल तर आत हात घालूच नका.

जमवण्याजोगं काय, तर ज्यांनी वाट पाडली ते. आरसीएचा १९४७ चा ६४८ पीटीके, जो पाच इंची नळीतलं चित्र १५ बाय २० इंचांच्या पडद्यावर टाकायचा. किंवा हेन्री क्लॉस यांच्या अ‍ॅडव्हेंट कंपनीचा, १९७० च्या दशकातला व्हिडिओबीम, ज्याचा प्रोजेक्टर आणि पडदा वेगवेगळे असत. असं काही अखंड मिळालं तर जागा करावी. पुढच्या काळातले सेट मात्र ढिगानं बनले आणि मित्सुबिशीनं २०१२ च्या अखेरीस प्रोजेक्शन टीव्हीचं उत्पादन थांबवल्यावर तो बाजारच संपला. जुन्या व्हिडिओ गेमचे शौकीन साध्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला चांगले पैसे मोजतात. या कपाटांना सहसा कोणी विचारत नाही.

फुकट मिळालेला टीव्ही घराबाहेर काढणं तर आणखीच अवघड. न्यू जर्सीत २०११ पासून टीव्ही साध्या कचऱ्यात टाकायला कायद्यानं बंदी आहे, आणि उचलायला माणसं लागतात ती वेगळीच.

तुमच्याकडचा सेट चालू असेल आणि त्यावर जीव असेल, तर गळती सुरू होण्याआधी जाणकाराकडून कूलंट बदलून घ्या. जीव नसेल, तर कृपा करून रस्त्याकडेला सोडू नका, काउंटीच्या ई-कचरा केंद्रावर पोचवा.